बाईंचं मीठ नापास

मला दिवस गेल्याची बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये मी सांगण्याआधीच पोचली. सासूबाईंनी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली टोपली घेऊन उभ्या असलेल्या कोळणीला ओरडून सांगितलं, "आता दोन-तीन म्हयने येव नको गो, सुनेक वास सोसणा नाय!" कोळणीने खालूनच पेढे मागितले. संध्याकाळपर्यंत चार बायका येऊन मला काय खायचं ते सांगून गेल्या.

एकीने सांगितलं, रोज शहाळं पी, बाळ गोरं होतं. दुसरीने सांगितलं, लोहाच्या गोळ्या घेऊ नकोस, बाळ काळं होतं. तिसरीने पहिलीला खोटं पाडलं आणि चौथीने केशर आणायला पैसे टाका म्हणून नवऱ्याला दम भरला. बाळाच्या कातडीची एवढी चिंता मी जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या डोक्यात काय असणार याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

घरात तेव्हा आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात. सासरे मिलमधून सुटल्यावर वॉचमनकी करत करत गेले. भांडुपच्या टेकडीवरची चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, आणि त्या दोन खोल्यांवर सासूबाईंचं राज्य आहे. दादांना बोलता येतं ते मोजून दहा-बारा शब्द. ऐकूही कमी येतं. वय तेव्हा चव्वेचाळीस, पण आकडेमोड, रस्ता ओलांडणं, अनोळखी माणूस, यातलं काही त्यांना झेपत नाही. कपड्यांच्या घड्या मात्र ते अशा घालतात की कपाट उघडलं की दुकानात आल्यासारखं वाटतं. ते असे जन्मापासून आहेत. का आहेत, हा विषय आमच्या घरात निघत नाही. लग्न ठरवतानाही निघाला नव्हता.

मी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे गरोदरपणात खनिजं का लागतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मी समजत होते. घरी शिकवायची गरज होती. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नसते, हे मी सासूबाईंना किमान वीस वेळा सांगितलं असेल. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट लागत नाही, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री. मी हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं. सासूबाईंनी कागद वाचला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गोळ्या एका बशीत ठेवून वाफाळत्या चहासोबत आणून दिल्या. "एकदमच घे, मगे इसारतलंस." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी चहा ओतून टाकला की त्या दुखावायच्या. ओतला नाही की माझ्या लोहाचं वाटोळं व्हायचं.

तिसरा महिना लागला तेव्हा मुलुंडच्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला आठी घातली. थायरॉईडचं काम थोडं मंदावलं होतं. घाबरण्यासारखं नाही, गोळी सुरू करू, असं म्हणता म्हणता त्यांनी विचारलं, "घरात मीठ कुठलं वापरता?"

"साधं," मी म्हटलं.

"साधं म्हणजे? आयोडिनचं का?"

मी नकारार्थी मान हलवली. दरवर्षी आठवीच्या पोरांना मी हाच धडा शिकवते. आयोडिन कशासाठी, गलगंड कसा होतो, मिठात आयोडिन का घालतात. तोंडपाठ आहे मला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कारण आमच्या घरात मीठ यायचं गावाहून. सासूबाईंचे वडील शिरोड्याकडच्या मिठागरावर कामाला होते. आता भाऊ दर मेमध्ये रात्रीच्या बसच्या डिकीत एक गोण टाकतो, दादा आणि नवरा सकाळी हायवेवर जाऊन ती उतरवून आणतात आणि वर्षभर आम्ही ते मळकट पांढरं, ओलसर खडेमीठ खातो. त्यात आयोडिन घालायला कोण बसलंय?

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नाही, ते आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं. ते हार्मोन बनायला आयोडिन लागतं. मेंदूची बांधणी त्याच काळात होत असते. पुढेही आयोडिन लागतंच. "मासे खाता का?" एरवी खाते, पण आता वासानेच ओकारी येते. "दूध?" तेही उलटतं. "मग मीठ तरी बदला. वाढवू नका हं, आहे तेवढंच खा, फक्त आयोडिनचं खा."

मुलुंडहून परत येताना रिक्षात मला दादाच दिसत होते. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं तर असं आहे की त्या दिवसापासून मला एकच भीती होती. माझं मूल त्यांच्यासारखं झालं तर? मी दादांना जेवायला वाढत होते, त्यांनी घडी घातलेला पंजाबी ड्रेस घालून शाळेत जात होते, आणि मनात हे. नवऱ्याला सांगितलं तर तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, मीठच आहे ना यार. दोन रुपयांची गोष्ट. तू आणि आई बघून घ्या." आई आणि मी बघून घेतो तेव्हा काय होतं हे त्याला चांगलं माहीत होतं, म्हणूनच तो मोबाईलमध्ये होता.

मी त्याच संध्याकाळी आयोडिनच्या मिठाच्या दोन पुड्या आणल्या आणि सासूबाईंना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. मेंदूपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रामायण होणार. त्या पुडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या मीठ न्हय, भुकटी असा. पण डॉक्टर सांगता तर बरा." एवढंच. त्यांनी स्वतः झाकणाची काचेची बरणी घासून, पुसून, उन्हात वाळवून त्यात पुडीचं मीठ भरलं. खडेमिठाचा डबा ओट्याखाली गेला. इतक्या सहज ऐकलं त्यांनी! ज्या बाईने चहाची बशी वीस वेळा सांगून बदलली नाही, तिने आयुष्यभराचं मीठ एका वाक्यात सोडलं, हे मी मान्य कसं केलं, याचं मला आज आश्चर्य वाटतं. पण तेव्हा मला रोज सकाळी ओकाऱ्या होत होत्या आणि शाळेत दोन वर्ग एकत्र करून माझ्या गळ्यात बांधले होते. एक भांडण वाचलं म्हणून मी खूश होते.

सातव्या महिन्यात शाळेत मिठाच्या तपासणीचा तास ठेवला. आरोग्य तपासणीला आलेल्या ताईंनी एक छोटी बाटली दिली होती. मिठावर तिचा एक थेंब टाकायचा. आयोडिन असेल तर मीठ जांभळं पडतं, नसेल तर पांढरंच राहतं. मुलांना घरचं चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत आणायला सांगितलं. उत्साहाच्या भरात मीही माझ्या घरच्या बरणीतलं चिमूटभर नेलं. आदर्श नमुना म्हणून शेवटी दाखवायचं, असा बेत होता.

कागदी प्लेटवर छोटे छोटे ढीग मांडले, प्रत्येकावर मुलाचं नाव. थेंब पडला की जांभळं, की सगळे ओरडायचे, "पास!" दोघांचं अगदी फिकट निघालं, तर बाकीच्यांनी त्यांना बिचाऱ्यांना चिडवून चिडवून रडवायची वेळ आणली. मी रागावून म्हटलं, "झाकण उघडं ठेवलं की आयोडिन कमी होतं, त्यात हसण्यासारखं काय आहे? आता हे बघा, माझ्या घरचं." आणि थेंब टाकला.

पांढरं.

मी दुसरा थेंब टाकला. बाटली हलवून तिसरा टाकला. मिठाचा भिजून चिखल झाला, पण रंग म्हणून बदलला नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमचं मीठ नापास!" आणि आख्खा वर्ग खिदळला. मी पोटावर हात ठेवून उभी. मुलांना वाटलं, बाई पण हसतायत.

मधल्या सुट्टीत मी उरलेलं मीठ जिभेवर ठेवलं. बारीक होतं, पण पुडीच्या मिठासारखं एकसारखं नव्हतं. मध्येच कचकन दाताखाली आलं. आणि शेवटी ती हलकी कडसर चव, जी मी लग्न झाल्यापासून रोज खात होते. ओळखायला एक सेकंद लागला नाही. चार महिने लागले, असं म्हणायला हवं खरं तर.

अर्धी रजा टाकून मी रिक्षा केली. एलबीएस रोडवर कांजूरपर्यंत प्रत्येक सिग्नलला माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. घरी पोचले तेव्हा सासूबाई खाली बसून वाल सोलत होत्या. दादा पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आई, बरणीत कुठलं मीठ आहे?"

"मीठच असा. मिठाच्या बरणीत काय साखर घालतलंय?"

"पुडीचं की गावचं?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "गावचाच. मिक्सरार बारीक केलंय."

"आणि मी दर महिन्याला आणते त्या पुड्या?"

त्यांनी देव्हाऱ्याकडे हात केला. ताम्हन, पळी, पंचपात्र, समई, सगळं नव्यासारखं झळकत होतं. चिंच आणि मीठ लावून घासलेलं. चार महिने माझ्या बाळाच्या वाट्याचं आयोडिन देवाच्या भांड्यांना लागत होतं, आणि मी रोज संध्याकाळी त्या भांड्यांना हात जोडत होते.

मग मी जे बोलायला सुरुवात केली ते थांबवता आलं नाही. चहाच्या बशीपासून सगळं निघालं. किती वेळा सांगितलं, किती समजावलं, लिहून चिकटवलं, मी शिकलेली आहे त्याला काही किंमत आहे की नाही, पोटातलं मूल माझं आहे की तुमचं. त्या वाल सोलत होत्या. प्रत्येक वाल बोटाने दाबला की डाळिंबी सटकन वाटीत. मला त्या सटकन आवाजाचा इतका राग आला की मी म्हणाले, "तुम्हाला नक्की काय हवंय आई? घरात आणखी एक दादा हवाय का?"

म्हटलं, आणि त्याच क्षणी कळलं की हे परत घेता येणार नाही. दादांना शब्द समजले नसतील, पण स्वतःचं नाव आणि माझा आवाज समजला. त्यांनी हातातली उशीची खोळ अर्धी घडी घालून तशीच मांडीवर ठेवली आणि आईकडे बघत राहिले.

सासूबाईंचे हात आता थांबले होते. मला वाटलं, त्या आता मला घराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. पण त्या अगदी हळू, दादांकडे न बघता म्हणाल्या, "मगे ह्येचा पण मिठानच झाला काय गो?"

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"त्या दिशी तू इलंस आणि सांगलंस, मिठान पोराच्या डोक्यार परिणाम होता म्हणान. तेवापासना माझ्या मनात ताच. हो पोटात होतो तेवा मी माझ्या बापसाकडचाच मीठ खाल्लंय. रोज. मीठ बदललंय म्हणजे काय झाला? मियाच केलंय त्येचा, असा झाला." त्या थांबल्या. "तू शिकलेला चेडू. तुका सांगतलंय कसा?"

चार महिने ही बाई रोज दुपारी मी शाळेत गेल्यावर मिक्सर लावत होती, ते हट्टाने नव्हे. आणि मला काय वाटलं होतं? अडाणीपणा. मला स्वतःची शरम वाटली, पण राग गेला असं म्हणणार नाही. तो शरमेच्या खाली तसाच होता. तुमच्या मनातलं ओझं माझ्या बाळाने का वाहायचं, हा प्रश्न माझ्या ओठावर होता आणि तो चुकीचा नव्हता, असं मला अजूनही वाटतं. मी तो विचारला नाही, एवढंच. मी दादांच्या शेजारी बसले आणि खोळीचं दुसरं टोक धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, कारण मला घडी घालता येत नाही.

शनिवारी मुलुंडला गेले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. गोळीने थायरॉईड ताब्यात होतं, बाळाची वाढ व्यवस्थित होती. "झालं त्याचं ओझं घेऊ नका, आजपासून नीट करा," म्हणाल्या. मुलगी पुढे नीट जन्मली. आज चार वर्षांची आहे आणि उलट उत्तर देण्यात कुणाला हार जात नाही. पण त्या शनिवारी मला हे माहीत नव्हतं, आणि तरीही मी माझ्या प्रश्नावर न थांबता दुसरा प्रश्न विचारला. दादांचा.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. जन्मल्यावर लगेच रडले होते का, बाळंतपणाला किती वेळ लागला होता, ताप आला होता का, असं बरंच विचारलं. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "अशा गोष्टींची शंभर कारणं असतात. इतक्या वर्षांनी कुणीच सांगू शकणार नाही. सासूबाई तेव्हा मासे खायच्या का?"

"रोज. दोन्ही वेळा. त्यांना गरोदरपणात उलटीसुद्धा झाली नव्हती, हे मला रोज ऐकवतात."

त्या हसल्या. "मग त्यांना आयोडिन कमी पडलं असेल असं मला तरी वाटत नाही. पण खात्री नाही देता येणार."

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की जसं आहे तसं सांगायचं. मी विज्ञान शिकवते, अर्धवट उत्तराला मार्क देत नाही. सासूबाईंनी दार उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही, पण माझ्या चपला काढून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. असं त्या कधी करत नाहीत.

"डॉक्टरांना विचारलं," मी म्हटलं. "मिठाचा संबंध नाही. तुम्ही मासे खायचात ना. त्यात आयोडिन भरपूर असतं. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

"नक्की सांगल्यान तिना?"

"नक्की."

डॉक्टरबाईंचं शंभर कारणांचं आणि शेवटचं खात्रीचं, दोन्ही वाक्यं मी गिळली. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम अर्धं उत्तर दिलं, आणि ते देताना माझा आवाज जराही कापला नाही.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. बरणी रिकामी केल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा त्या बरणी आतून पुसत होत्या, माझ्याकडे पाठ करून. "आता ह्येच्यात तुझी ती भुकटीच घाल," त्या म्हणाल्या. मी पुडी फोडली. त्या पुसत राहिल्या. बरणी केव्हाच कोरडी झाली होती.

"चव्वेचाळीस वर्षां झाली गो," त्या म्हणाल्या. "ह्येका घेवन मी किती देवांक गेलंय. कोणी नारळ ठेवूक सांगल्यांनी, कोणी उपास सांगल्यांनी. माझ्यासाठी डॉक्टराक विचारूक मातर कोणच गेला नाय."